सरकारी कट

कात्रीमामाच्या नावात कात्री होती, हातात नव्हती. मुलांच्या सुधारगृहाच्या फाटकावरचा पहारेकरी दर रविवारी त्याची पिशवी उलटी करायचा, कात्री, वस्तरा, ब्लेडच्या पत्त्या सगळं काढून घ्यायचा आणि टोकदार काही आत न्यायचं नाही हे नव्यानं बजावायचा. मामाही दर रविवारी मान डोलवायचा. वाद घालायचं वय केव्हाच उलटलं होतं. आत जायचं ते एक मशीन, एक ब्रश आणि एक मळकट पांढरं कापड.

मशीनला लावायचे लहानमोठे कंगवे पूर्वी होते. ते एकेक करून हरवले, एक तर कुणीतरी पळवलासुद्धा, सुधारगृहच ते. उरला तो सगळ्यांत बारका. त्यामुळे आत आलेलं कुठलंही पोर, चोरीतलं असो, मारामारीतलं असो की नुसतंच घरातून पळालेलं, मामाच्या हाताखालून एकसारखं होऊन उठायचं. वर चिमटीत धरता येणार नाहीत इतके केस, मानेवर आडवी सरळ रेघ आणि कानामागं एक पायरी. ही पायरी मामाची खासियत. मशीन जुनं होतं, कानाच्या वळणावर अडायचं, तिथं मनगट जरा उचलावं लागायचं आणि पायरी उठायची. बाजारपेठेत या प्रकाराला सरकारी कट म्हणत.

मामा दमला होता. गुडघे दुखत होते हे खरं, पण दमणूक गुडघ्यांची नव्हती. पोरांच्या चेहऱ्यांकडे बघणं त्यानं कधीच सोडलं होतं. चेहऱ्याकडे बघितलं की गोष्ट ऐकावी लागते, आणि गोष्टी सगळ्या एकाच मापाच्या. बाप असून नसल्यासारखा, आई दिवसभर बाहेर, शाळेनं नाव काढलेलं आणि गल्लीतला कुणीतरी दादा. किती ऐकायच्या? डोकी मात्र मामाच्या लक्षात राहायची. कुणाच्या टाळूवर दगडाचा व्रण, कुणाच्या मागं पोळल्याची खूण, कुणाचा भोवरा डावीकडे. एकदा हाताखालून गेलेलं डोकं दुसऱ्यांदा आलं की बोटांना आधी कळायचं. अलीकडे बोटांना फार वेळा कळत होतं.

त्या महिन्यात वरून साहेबांना विचारणा आली होती की मुलांचे गुन्हे का वाढतायत आणि सुटून गेलेली मुलं परत का येतायत. साहेब म्हणजे सुधारगृहाचे अधीक्षक. सरळ माणूस, पण इतक्या वर्षांत त्यांचाही चेहरा फाइलीच्या पुठ्ठ्याच्या रंगाचा झाला होता. ते दिसेल त्याला विचारत सुटले. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, मोबाइल. मास्तर म्हणाले, आईबाप. पहारेकरी म्हणाला, धाकच उरला नाही. मामा कापड झटकत म्हणाला, "संगत, साहेब. दुसरं काय?"

"संगत तर दर वर्षी लिहितो मी," साहेब म्हणाले आणि तरीही त्यांनी ते लिहिलं.

ज्या पोराची ही गोष्ट, त्याला मामा दुभोवरा म्हणायचा. डोक्यावर दोन भोवरे. पहिल्यांदा बसला तेव्हाच मामानं त्याला सांगितलं होतं, तुझी दोन लग्नं होणार बरं का. त्यावर पोर म्हणालं होतं, बाबांच्या डोक्यावर एकच भोवरा होता, तरी त्यांनी दोन केली. मामाला हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली. पोराचा बाप कामासाठी म्हणून दुसऱ्या शहरात गेला होता, आणि त्या कामाला आता दोन लेकरंही झाली होती.

मामानं विचारलं नाही तरी दुभोवरा बोलायचा. आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची, अंधारात जायची, अंधारात यायची. सकाळी उठवायला कुणी नाही म्हणून हा शाळेत उशिरा पोचायचा, उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभा राहायचा, आणि वर्गाबाहेर उभ्या राहणाऱ्याला शाळेचं फाटक फार जवळ असतं. गल्लीतल्या दादा लोकांनी त्याला जवळ केलं ते त्याच्या अंगकाठीसाठी. न्हाणीघराच्या खिडकीच्या फटीतून तो सुळकन आत जायचा आणि पुढचं दार उघडून द्यायचा. काडीपैलवान म्हणून सगळ्या शाळेनं ज्याची टर उडवली, त्याच्या किडकिडीतपणाचं जन्मात पहिल्यांदा कुणी कौतुक केलं. खायला घातलं, बूट दिले. पकडलं तेव्हा तो एकटाच घरात होता, दादा लोक दाराबाहेरून पसार झाले होते.

सुटायच्या आदल्या रविवारी तो खुर्चीत बसला आणि मामानं कापड गुंडाळायच्या आत म्हणाला, "मामा, या वेळी नका ना कापू."

मामानं कारण विचारलं नाही, पण त्यानं सांगितलं. आईनं एका दुकानात शब्द टाकला होता, मंगळवारपासून कामाला जायचं होतं. आतमध्ये होतो हे त्यांना सांगितलेलं नाही. मागच्या महिन्यापासून त्यानं केस कसेबसे वाचवले होते, एकदा ताप आल्याचं सांगून, एकदा रांगेतून सटकून. आता ते चिमटीत धरता येण्याइतके वाढले होते. सगळ्या जगातल्या मुलांसारखे.

"साहेबांचा नियम आहे, बाबा," मामा म्हणाला. "बाहेर जाणारं पोर स्वच्छ गेलं पाहिजे."

"थोडेच कापा. कानामागं नका."

"माझ्याकडं एकच कंगवा आहे."

हेही खरंच होतं. मागं रांगेत अजून पुष्कळ डोकी होती आणि मामाचे गुडघे बोलायला लागले होते. त्यानं मशीन चालू केलं. दुभोवरा एकदाही हलला नाही. पोरं चुळबुळ करतात, हा दगडासारखा बसून राहिला, आणि मामाला मनातल्या मनात बरंच वाटलं की काम लवकर उरकलं. कानामागची पायरी त्या दिवशी फार सुबक उठली होती.

मामाचं स्वतःचं दुकान बाजारपेठेत होतं. दोन खुर्च्या, त्यातली दुसरी रिकामीच असायची, कारण हाताखाली टिकेल असा माणूस त्याला मिळाला नव्हता. भिंतीला भिंत लागून सायकलवाल्याचं दुकान. दोघांची जुनी दोस्ती. मंगळवारी आणि शुक्रवारी मामा त्याची दाढी करून द्यायचा, आणि मामाच्या सायकलला कधी हवा विचारावी लागायची नाही.

आणि बाजारपेठेत मामाचा आणखी एक मान होता. बारीक केसांचं अनोळखी पोर रस्त्यावरून चाललं की दुकानदार मामाकडे बघून भुवई उडवायचे. मामा पोराच्या कानामागं नजर टाकायचा आणि मान हलवायचा, हो किंवा नाही. पुष्कळदा तर त्यानं पोरं वाचवली होती. हा माझा नाही, याचे केस घरी आईनं कापलेत, असं तो म्हणाला की दुकानदार निर्धास्त व्हायचे. या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा होता, आणि माणूस कितीही दमलेला असला तरी त्याच्या शब्दाला कुणी किंमत दिली की त्याची पाठ जरा ताठ होतेच.

त्या मंगळवारी सायकलवाला दाढीला बसला. बाहेर दोन्ही दुकानांच्या मधल्या फळीवर एक नवं पोर पाठमोरं बसून चाकाचा आऊट काढत होतं. चाक फिरवायचं, कुठं थरथरतं ते बघायचं, तिथल्या आऱ्यावर किल्ली फिरवायची. सायकलवाला तोंडाला फेस लावलेला असतानाच कौतुक सांगत होता. सकाळपासून तिसरं चाक आहे, शिकवावं लागलं नाही, हात गोड आहे पोराचा. आत्याकडे राहत होतं म्हणे इतके दिवस. मग आवाज खाली करून तो म्हणाला, "पण केस बघ जरा त्याचे. तुला काय वाटतं?"

मामानं मान वळवली. ऊन त्या डोक्यावरच पडलं होतं. दोन भोवरे, मानेवरची रेघ आणि कानामागं ती सुबक पायरी.

"अरे, हा माझ्याच हातचा," मामा म्हणाला. "परवाच तर कापलेत."

त्याला खरोखर आनंद झाला होता. ओळखीचं माणूस बाजारात अचानक दिसावं तसा. जीभ मनाच्या पुढं पळाली होती, आणि मन मागून पोचलं तेव्हा सायकलवाल्याचा गाल वस्तऱ्याखाली घट्ट झाला होता. बाहेर चाक फिरायचं थांबलं होतं. मामानं उरलेली दाढी केली. काहीतरी बोलायला हवं असं त्याला वाटलं, पण गालावर वस्तरा असताना माणूस बोलत नाही अशी त्याच्या हाताला लागलेली सवय होती, आणि दाढी झाल्यावर दुसरं गिऱ्हाईक आलं.

संध्याकाळी फळी रिकामी होती. मी काही वाईट बोललो नाही त्याला, असं सायकलवाल्यानं आपणहून सांगितलं. उद्यापासून येऊ नको, एवढंच म्हटलं. दुकानात किती सुटे भाग असतात, मी घरोघर सायकली आणायला जातो, लोक विश्वासावर दार उघडतात.

मामा म्हणाला, बरोबर आहे तुझं. घरी मात्र त्यानं अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली.

शुक्रवारी पोराची आई आली. इस्त्रीच्या वाफेनं हात सालटलेले, कामावरून तशीच आली होती. सायकलवाल्याला तोंड दाखवायची तिला लाज वाटत होती, म्हणून ती शेजारच्या दुकानात शिरली. आत माझ्या पोराचे केस तुम्हीच कापायचात ना, तो तुमचं फार बोलतो, असं म्हणाली. दोन लग्नांचा विनोद तिलाही ठाऊक होता. तिला मामाकडून एवढंच हवं होतं की त्यांनी शेजाऱ्याशी एकदा बोलावं. पोरगा तेव्हापासून अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि काल ते दादा लोक दारात येऊन त्याला हाक मारून गेले होते.

"मी कामावर गेल्यावर तो एकटाच असतो, मामा. दिवस रिकामा गेला की मला धडकी भरते. कुणीतरी सांगितलं सायकलवाल्यांना, हा आत होता ते. कुणी सांगितलं असेल?"

मामा कंगवे धूत होता. त्यानं ते दुसऱ्यांदा धुतले. बोलतो मी, ताई, असं तो म्हणाला आणि ती हात जोडून गेली. त्या जोडलेल्या हातांचा त्याला राग आला. स्वतःचाच आला होता, पण राग जवळचं काहीतरी धरतो.

बोलला मात्र तो खरंच. सायकलवाला ऐकून घेऊन म्हणाला, तू म्हणतोस ते सगळं पटतं, पण माझ्या बायकोच्या कानावर गेलंय, आता घरात महाभारत होईल. मग त्यानं मामाच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

"तुझी दुसरी खुर्ची रिकामीच असते. तूच ठेव की त्याला. तू तर ओळखतोस."

मामाकडे उत्तर होतं, पण ते तोंडानं सांगण्यासारखं नव्हतं. दुकानात वस्तरे होते. गिऱ्हाईक डोळे मिटून मान मागं टाकतं, पाकीट, फोन, सगळं फळीवर ठेवून. सोमवारी बघू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. सोमवारी गुडघे सुजले. मग लग्नाकार्यांची गर्दी आली, मग पाऊस लागला. दुसऱ्याला उपदेश करायला आपलं काय जातं, पण शेंडी तुटो वा पारंबी म्हणून उडी घ्यायची वेळ आली की माणसाला कामं आठवतात.

पुढं एका रविवारी सुधारगृहाच्या रांगेत त्याला ते डोकं दिसलं. केस वाढलेले होते, तरी दोन भोवरे लपत नव्हते. तो रांगेच्या शेवटी होता. मामानं पहिल्या पोराच्या अंगावर टाकलेलं कापड काढलं, सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि तो साहेबांच्या खोलीकडे चालू लागला.

इतक्या वर्षांत तो त्या खोलीत काही मागायला गेला नव्हता. जाताना त्यानं बोलणं मनात जुळवलं. नियमाविरुद्ध बोलायचं म्हणजे धीर लागतो. साहेब, तो म्हणाला, पोरं सुटायच्या आधी केस कापायचा नियम आहे तो सोडावा. शेवटचे दोन महिने डोक्याला हात लावू नये. बाहेर लोक ओळखतात, कामावर ठेवत नाहीत, आणि काम नसलं की पोरं पुन्हा त्याच दारात जातात.

साहेबांनी चष्मा काढला. "कसला नियम?"

"सुटायच्या आधी कापायचा."

"असा काही नियम नाही, मामा. उवा होऊ नयेत एवढंच. मी बदलून आलो तेव्हा तुम्ही कापतच होता. मला वाटलं, तुमची काही पद्धत असेल." थोडं थांबून ते म्हणाले, "कुणी कधी म्हणालंच नाही."

मामाला आठवलं. फार पूर्वीच्या एका साहेबांच्या काळात उवांची साथ आली होती, तेव्हा सगळ्यांची डोकी एकदम साफ केली होती. पुढं तीच रीत पडली, कारण सगळी डोकी एकसारखी उरकली की मामा जेवायच्या वेळेला घरी पोचायचा. नियम म्हणून ज्याच्याकडे तो आजवर बोट दाखवत आला, तो नियम म्हणजे त्याचं दुपारचं जेवण होतं. हे कळल्यावर त्याला ना रडू आलं ना काही. फक्त फार, फार थकल्यासारखं झालं.

रांग सरकत सरकत दुभोवरा खुर्चीत आला. आता तो खांद्यात रुंद झाला होता. कसं पकडलं, हे त्यानं हसत हसत सांगितलं. पुन्हा तशीच न्हाणीघराची खिडकी, दादा लोकांनी खालून ढकललं, डोकं गेलं, एक हात गेला, आणि खांदे अडकले. इथलं जेवण अंगी लागलं होतं ना, मामा. ना आत, ना बाहेर. घरातल्या आजोबांनी आधी त्याला पाणी पाजलं आणि मग पोलिसांना फोन केला. मागची पोरं खदाखदा हसली. मामा हसला नाही.

"आज कापत नाही तुझे," तो हळू म्हणाला. "सुटायच्या आधीही कापणार नाही. तसा नियमच नव्हता."

पोर समोरच्या भिंतीकडे बघत राहिलं. आरसा तिथं नव्हताच, काच आत चालत नसे.

"सायकलवाल्याला मी सांगितलं होतं," मामा म्हणाला.

"माहितीये. मी बाहेरच होतो ना."

"ऐकलंस तू?"

"माझ्याच हातचा म्हणालात." त्याचा आवाज साधाच होता, तक्रारीचा नव्हता. "मी चाक थांबवलं. म्हटलं, मामा ओळखतात, आता पुढं काहीतरी चांगलं बोलतील. थांबलो होतो मी किती वेळ."

 मामाला ती दाढी आठवली. अर्धा गाल उरला होता. तेवढ्या वेळात एक वाक्य बोलता आलं असतं, पोरगं गुणी आहे, ठेव त्याला, एवढंच. गालावर वस्तरा होता हे खोटं नव्हतं, पण वस्तरा उचलता येतो.

"सुटलास की माझ्या दुकानात ये," मामा म्हणाला. "दुसरी खुर्ची रिकामी आहे."

"तुमच्याकडं वस्तरे असतात, मामा."

"असू देत."

पोरानं पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मामानंही त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच. ओठांवर मिसरूड फुटायला लागलं होतं, डोळे आईचे होते. त्या चेहऱ्यावर विश्वासही नव्हता आणि रागही नव्हता. चेहरा कोवळा, पण इतकी दमलेली नजर मामानं आजवर फक्त आपल्या दुकानातल्या आरशात पाहिली होती.

"बघू," दुभोवरा म्हणाला आणि पुन्हा सरळ बसला. "आत्ता कापा. इथं केस ठेवले की पोरं समजतात, हा बाहेरच्या आशेवर आहे. मग फार छळतात."

मामानं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि मशीन चालू केलं. कानाच्या वळणावर ते नेहमीसारखं अडलं. मामानं मनगट उचललं नाही. मशीन बंद करून तो खाली वाकला, गुडघे कुरकुरले, आणि त्यानं ब्रशनं दाते साफ केले, फुंकर मारली, पुन्हा लावलं, पुन्हा अडलं, पुन्हा साफ केलं. मागची पोरं जेवायची वेळ झाली म्हणून कटकट करायला लागली. मामा एक कान पायरीशिवाय उरकून दुसऱ्या कानाकडे वळला.